बंडी क्रमांक एकतीस

गास्तोन आरियागाला 'मिठी' हा शब्द पुरत नसे. तो 'स्पर्शप्रसंग' म्हणे. दिवसाला आठ स्पर्शप्रसंग झाले की माणूस 'तृप्त', तिनाच्या खाली गेला की 'उपाशी'. हे आकडे कुठून आले, असं इलेआना बेंतांकोरने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"इले, आकडा आधी जाणवतो," गास्तोन मफलरचं टोक खांद्यावरून मागे टाकत म्हणाला होता. "पुरावा मागून चालत येतो."

इलेआनाने पाच वर्षं पदार्थविज्ञान शिकण्यात घालवली होती, आणि तिथे हा क्रम उलटा असतो. पण मोन्तेविदेओत पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला कामावर घेणारी ठिकाणं मोजकीच. एक वेधशाळा, तिथे जागा नव्हती. दुसरा हा मफलरवाला, त्याच्याकडे होती. मफलर तो भर उन्हाळ्यातही घालायचा. बार्सेलोनात डिझाइन शिकून आल्यापासून त्याच्या मानेला इथली हवा सोसत नव्हती म्हणे.

कंपनीचं नाव 'सेर्का', म्हणजे 'जवळ'. कुंपणालाही हाच शब्द आहे, हे तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे. या शहरात माणूस कामावर आला की खोलीतल्या प्रत्येकाच्या गालाला गाल लावतो आणि मगच खुर्चीत बसतो. सेर्कात ते बंद होतं. बाराजणांनी बाराजणांना भेटायचं म्हणजे रोज वीस मिनिटं वाया, असं गास्तोनचं मत. माणसांना जवळ आणायचं यंत्र बनवणारी ती बारा माणसं सकाळी एकमेकांना लांबूनच हात हलवून दाखवायची आणि आपापल्या पडद्यात तोंड घालायची.

यंत्र म्हणजे एक राखाडी बंडी. सदऱ्याच्या आत घालायची. पाठीला एक, छातीला एक आणि दोन्ही बरगड्यांपाशी एकेक अशा दाब मोजणाऱ्या चार पट्ट्या. कोणी मिठी मारली, दाब सात सेकंद टिकला, की बंडीतल्या बारीक तारा हळूच तापायच्या. ही शरीराला शाबासकी. शाबासकी मिळाली की शरीर आणखी मिठ्या शोधत फिरेल, अशी कल्पना. कुत्र्याला बिस्कीट देऊन बसायला शिकवतात, त्यात आणि यात फरक काय, हेही इलेआनाने विचारलं होतं. गास्तोन दुखावला होता. कुत्र्याला अ‍ॅप नसतं, असं तो म्हणाला.

मूळ आराखड्यात दोन बंड्या एकमेकींना ओळखायच्या. दोन्हीकडून दाब आला तरच मिठी. पण चाचणीसाठी जी माणसं मिळाली ती सगळी एकटी राहणारी म्हातारी. ती ज्यांना भेटणार त्या भाजीवाल्याला, शेजारणीला, पुतण्याला बंड्या घालायच्या कशा? गास्तोनने जोडीची अट एका दुपारी काढून टाकली.

"मग भिंतीला टेकून उभं राहिलं तरी मिठी होईल," इलेआना म्हणाली.

"तर तू ते होऊ देऊ नकोस. त्यासाठीच तू आहेस."

तिने होऊ दिलं नाही. नुसत्या पाठीवरचा दाब मोजायचा नाही, बरगडीची निदान एक पट्टी तरी दबायला हवी, असा नियम तिने लिहिला. एकच पट्टी पुरे, कारण म्हातारी माणसं समोरून मिठी मारत नाहीत. बाजूने, एका हाताने कवळतात. तीन आठवडे तिने चाळीस माणसांना प्रयोगशाळेत बोलावून मिठ्या मारायला लावल्या. उभ्याने, बसून, जाड कोटात, पातळ सदऱ्यात. शंभरातल्या सत्त्याण्णव मिठ्या बंडीने बरोबर ओळखल्या. त्या आकड्याचा तिला अभिमान होता. सेर्कात दुसरं काही अभिमान धरण्याजोगं नव्हतंच.

बंड्या घेणार होती एक आरोग्य सहकारी संस्था. तिच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांकडे आठवड्यातून एक तास कोणीतरी माणूस जायचा. याला घरभेट म्हणत. संस्थेच्या प्रमुख एल्बिया सुगास्ती यांना घरभेटी आवरत्या घ्यायच्या होत्या. म्हातारी माणसं बंडीच्या जोरावर 'तृप्त' निघाली, तर त्यांच्याकडे माणूस पाठवायचं कारण उरत नव्हतं. सहा आठवड्यांच्या चाचणीचा अहवाल, खाली मोजमाप करणाऱ्याची सही, आणि काम फत्ते. मोजमाप करणारी इलेआना.

आकडे आले आणि गास्तोन खोलीभर नाचला.

"एकतीस नंबर! एदिसोन पिरिस, वय अठ्ठ्याहत्तर, बंदरावर क्रेन चालवायचा. विधुर, मूल नाही, ला तेखात एकटा राहतो. आणि दिवसाला चौदा स्पर्शप्रसंग! इले, हा मोन्तेविदेओतला सगळ्यात जास्त मिठ्या मिळालेला माणूस आहे!"

इलेआनाने आलेख पाहिला. मिठ्या चौदा होत्या खऱ्या. पण त्यातली एक चाळीस मिनिटांची होती.

"चाळीस मिनिटं कोण कोणाला मिठी मारतं, गास्तोन?"

"कोणीच मारत नाही. हीच तर आपल्या काळाची शोकांतिका आहे."

"आणि सगळ्या डाव्या बरगडीवर. उजवी पट्टी सहा आठवड्यांत एकदाही दबलेली नाही."

"हृदयाची बाजू," गास्तोन म्हणाला, आणि हे वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते लिहून ठेवलं. मग त्याने आलेखावर बोट ठेवलं. "आणि हे बघ. दर गुरुवारी, दहा ते अकरा. शून्य! साफ सपाट! काय असतं गुरुवारी?"

"घरभेट."

"घरभेट! तास असा वाया जातो आणि वर संस्था त्याला सेवा म्हणते. माणूस घरात शिरला की म्हातारा आक्रसतो. लिही अहवालात. घरभेटी बंद कराव्यात, सुरुवात एकतीस नंबरपासून."

इलेआनाने लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती बसने ला तेखाला गेली.

एदिसोन पिरिस यांनी दार उघडलं. बुटके, रुंद, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. एका हातात येर्बाच्या पानांनी भरलेला चहाचा भोपळा, धातूची नळी दातांत.

"नमस्कार आजोबा, मी सेर्कातून..."

"आजोबा कोणाला म्हणतेस? मला पोरं नाहीत, तर नात कुठून आली?" त्यांनी नळी काढून गाल पुढे केला, तिने गाल लावला. "त्या मफलरवाल्याची माणसं ना तुम्ही? ये. बंडी परत हवी असेल तर धुतलेली नाही, आधीच सांगतो. धुवायची नाही असं लिहिलंय तिच्यावर. सहा आठवडे! आमच्या बंदरावर पोत्यांना जास्त मान होता."

"बंडी राहू द्या, पिरिस. मला एवढंच विचारायचंय, सोमवारी सकाळी नऊ ते नऊ चाळीस तुम्ही कोणाबरोबर होतात?"

"पोलिसात आहेस का गं?"

"नाही. बंडी म्हणते, तुम्हाला कोणीतरी चाळीस मिनिटं मिठी मारली."

म्हातारा हसायला लागला तो खोकला येईपर्यंत थांबला नाही. "मला? पोरी, बायको होती तेव्हा ती वाढदिवसाला मारायची, तीसुद्धा केक कापून झाल्यावर. सोमवारी मी बाजारात होतो. पालक बघितला, चांगला नव्हता, कोबी घेतला."

"एकटेच?"

"एकटाच."

"हातात काय होतं?"

"उजव्या हातात पिशवी."

"आणि डाव्या?"

"डाव्यात काय असणार? काखोटीला थर्मास." पायात चपला होत्या का असं विचारल्यावर माणूस ज्या सुरात उत्तर देईल, त्या सुरात ते म्हणाले.

इलेआनाने खाली पाहिलं. तिच्या स्वतःच्या डाव्या काखेत थर्मास होता. बसमध्ये होता, रस्त्यावर होता, या घराच्या उंबऱ्यातही होता. सकाळी घरातून निघताना ती किल्ली विसरली होती, थर्मास विसरली नव्हती. या देशात कोणीच विसरत नाही. दिवसभर कडू येर्बावर गरम पाणी ओतत राहायचं, तर ते पाणी बरोबर हवं, आणि दोन हात मोकळे ठेवायचे तर ते काखोटीलाच हवं.

आणि प्रयोगशाळेत? प्रयोगशाळेत पातळ पदार्थ आणायला बंदी होती. तो नियमही तिचाच. दाराबाहेर तिने एक फळी ठोकून घेतली होती. चाळीस माणसं आली, चाळीस थर्मास त्या फळीवर रांगेने उभे राहिले, माणसं मोकळ्या हातांनी आत आली आणि तिने सत्त्याण्णव टक्के मोजले. तीन आठवडे ती त्या रांगेवरून ये-जा करत होती. गास्तोन मूर्ख आहे हे मोजायला तिला पहिला दिवस पुरला होता. स्वतःला मोजायला सहा आठवडे लागले.

"मला वाटलं, बंडीचं कामच ते," म्हातारा सांगत होता. "थर्मास काखेत धरला की ही तापते, पाणी गार होत नाही. शेजारच्या रुबेनला म्हटलं, कंपनी हुशार आहे. पहिल्याच आठवड्यात तुमच्या मफलरवाल्याला फोनवर सांगितलं तसं."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, 'किती सुंदर'."

इलेआनाला अहवालाचं मुखपृष्ठ आठवलं. तिथे मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आता ऊब वाटते.' खाली, सहभागी क्र. ३१.

"आणि गुरुवारी दहा ते अकरा थर्मास कुठे असतो?"

"टेबलावर. रोसमारी येते ना. माझी पाठ वाकत नाही, नखं तीच कापते. पाय मांडीवर घेते, तेल लावते, दोन शिव्या घालते. मग आम्ही त्रुकोचे दोन डाव टाकतो. ती पत्ते लपवते. सहा वर्षं लपवतेय, तिला वाटतं मला दिसत नाही." ते थांबले. "का? तिचं काय?"

"ती येणं बंद झालं तर?"

म्हाताऱ्याने भोपळ्यात पाणी ओतलं, नळी ओढली, रिकामा होईपर्यंत ओढली. मग आपल्या पायांकडे पाहिलं, जणू ते कोणा दुसऱ्याचे तिथे ठेवलेले होते.

"नखं वाढतील," ते म्हणाले.

गास्तोनने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो मान हलवत होता, आणि त्याची मान हलायला लागली की आत काही जात नाहीये हे समजावं.

"पण ऊब मिळाली ना त्याला?"

"थर्मासमुळे."

"मिळाली की नाही?"

"गास्तोन, दिवसाला चौदा वेळा त्या माणसाला कोणीही हात लावलेला नाही. आणि ज्या एका तासात खरंच कोणी हात लावतं, तो तू शून्य धरलास."

"बंडीने धरला. बंडी निःपक्षपाती असते." त्याने मफलर नीट केला. "हा वापरणाऱ्याचा दोष आहे, इले. पुढच्या आवृत्तीत सूचना छापू, की बंडी घातल्यावर थर्मास बाळगू नये."

"उरुग्वेत?"

"शुक्रवारी एल्बियाबाई येतायत. तू सही कर. छोट्या गोष्टीत अडकू नकोस, तुम्हा शास्त्रवाल्यांचं तेच होतं."

"केली नाही तर?"

"तर दुसरं कोणी करेल. अंगठासुद्धा चालतो."

शुक्रवारी अकरा वाजता एल्बिया सुगास्ती तीन अधिकाऱ्यांना घेऊन आल्या. फोटो काढणारा आलेला असल्यामुळे गास्तोनने त्या दिवशी सगळ्यांच्या गालांना गाल लावले, काहींना दोनदा, कारण पहिल्यांदा उजेड बरोबर नव्हता. पाहुण्यांचे चारही थर्मास त्याने दाराबाहेरच्या फळीवर ठेवून घेतले. नियम होता, शिवाय फोटोत बरे दिसत नाहीत. मग प्रत्येकाच्या अंगावर कोटावरूनच एकेक बंडी चढवली. एल्बियाबाई ताठ, बारीक, भुवया कोरलेल्या. बंडी घातल्यावर त्या बाजारात नेण्यासाठी गुंडाळलेल्या दिव्यासारख्या दिसत होत्या.

पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, एदिसोन पिरिस. त्यांना गाडी पाठवून आणलं होतं.

"मित्रांनो," गास्तोन म्हणाला, "तुमच्यासमोर मोन्तेविदेओतला सर्वात स्पर्शसंपन्न माणूस बसलाय. पिरिस, दोन शब्द बोला."

"खुर्ची टणक आहे," पिरिस म्हणाले.

सगळे प्रेमाने हसले. पडद्यावर चौदाचा आकडा आला, मग गुरुवारचं शून्य आलं, मग 'हृदयाची बाजू' आलं. एल्बियाबाई काहीतरी टिपून घेत होत्या. शेवटी गास्तोनने अहवाल इलेआनापुढे सरकवला आणि पेनचं टोपण स्वतः काढून दिलं.

इलेआनाने पेन घेतलं, टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तपकिरी चामड्याचं आवरण शिवलेला थर्मास होता.

"बाई, हा तुमचाच ना?"

"माझाच. का, गळतोय?" एल्बियाबाईंनी तो घेतला आणि काही विचार न करता, लिहिणारा हात मोकळा ठेवत, डाव्या काखेत मारला.

इलेआनाने पडद्यावर चालू मोजमाप आणलं. पाच. सहा. सात. एक मंजुळ घंटी वाजली आणि गुलाबी अक्षरं उमटली: बंडी क्रमांक दोन, स्पर्शप्रसंग.

एल्बियाबाईंनी दचकून मागे पाहिलं. मागे कोणीही नव्हतं. "हे काय तापतंय?"

"तो थर्मास, बाई," पिरिस पहिल्या रांगेतून म्हणाले. "माझ्यावरही त्याचं फार प्रेम आहे. दिवसाला चौदा वेळा."

इलेआनाने उरलेले तीन थर्मास आणून ज्याचा त्याला दिले. अधिकाऱ्यांनी ते हातात घेतले आणि काखेत मारले. आपण हे करतोय हे समजत असूनही मारले, कारण दुसरं कुठे धरायचं हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. तीन घंट्या वाजल्या. एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असलेली चार माणसं पडद्यावर मिठीत होती, आणि मिठी वाढत चालली होती.

"हे तर आणखी खोल आहे!" गास्तोनला वाचा फुटली. "माणूस आणि वस्तू यांच्यातली जवळीक! आपण एका नव्या..."

"आरियागा, गप्प बसा," एल्बियाबाई म्हणाल्या. त्या इलेआनाकडे वळल्या. "थर्मास वगळला, तर एकतीस नंबरच्या मिठ्या किती?"

"शून्य."

"सहा आठवड्यांत?"

"सहा आठवड्यांत. पण बंडीला पावलं नसतात, बाई. गुरुवारी दहा ते अकरा यांचे पाय रोसमारीच्या मांडीवर असतात. तेवढा एक तास यांना माणसाचा हात लागतो, आणि तोच तुम्ही काढणार होतात. बाकीच्या म्हाताऱ्यांचे आकडेही मी तपासले. एकोणचाळीसांपैकी छत्तीसजण डाव्या बाजूचे."

एल्बियाबाईंना पाझर वगैरे फुटला नाही. छत गळतंय आणि दुरुस्ती टळत नाही, हे कळल्यावर घरमालकाचा जो चेहरा होतो तो त्यांचा झाला. "म्हणजे घरभेटी चालू ठेवाव्या लागणार," त्या पुटपुटल्या आणि बंडी काढू लागल्या. बंद कुठे आहेत ते त्यांना सापडेना. कोणी मदतीला पुढे आलं नाही. शेवटी पिरिस उठले आणि त्यांनी पाठीमागचे बंद सोडून दिले.

"बंदरावर असे सोडायचो," ते म्हणाले. "पोत्यांचे."

गास्तोनने इलेआनाला त्याच दुपारी काढून टाकलं. त्याच्या मते त्याने तिला मोकळं केलं. त्याच्या अंगात अजून प्रात्यक्षिकाची बंडी होती, डोळे ओलसर होते. "मनात काही ठेवू नकोस, इले," असं म्हणत त्याने दोन्ही हात पसरून तिला मिठी मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. तिने मनात मोजलं. चार. पाच. सहा. आणि ती बाजूला झाली.

दोन महिन्यांनी गास्तोनने पनामाच्या एका प्रदर्शनात गाळा मांडला. पनामात कोणी काखेत थर्मास घेऊन फिरत नाही, तेव्हा शंका विचारायला कोणी नव्हतं. त्याच्या गाळ्यावरच्या फलकाचा फोटो इलेआनाला एका जुन्या सहकाऱ्याने पाठवला. तिने तो गुरुवारी सव्वादहा वाजता ला तेखात पिरिस यांना वाचून दाखवला. तिला आता तिथे त्रुकोचा तिसरा भिडू म्हणून बोलावणं असायचं.

टेबलावर थर्मास उभा होता. त्याला राखाडी बंडी घातलेली होती, बंद घट्ट आवळलेले. कंपनीने ती परत मागितली नव्हती. बहुधा कुठे आहे हेच विसरली होती; बंडी मात्र आकडे अजून पाठवत होती.

"'सहभागी क्रमांक एकतीस,'" इलेआनाने वाचलं. "'एकच अखंड स्पर्शप्रसंग. एकोणीस तास.'"

पिरिस आधी थर्मासकडे पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग सगळा म्हातारा.

"हलू नका!" रोसमारी ओरडली. तिने त्यांची टाच मांडीवर गच्च दाबून धरली. "एकोणीस तास म्हणे! करंगळी जाईल, मग बसा बंडीच्या गळ्यात पडून."